न्यूयॉर्कमध्ये विमा एजंटचं लायसन्स कसं मिळवायचं? पुण्यातला एलआयसीचा अनुभव चालतो का?

तुमचा प्रश्न असा: राहणं क्वीन्समध्ये, हातात एच-४ ईएडी (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराला मिळणारं कामाच्या परवानगीचं कार्ड), पुण्यात काही वर्षं एलआयसीची एजन्सी केलेली. इथे आयुर्विमा आणि आरोग्यविमा विकायचा तर लायसन्स कसं मिळतं, जुना अनुभव धरतात का, आणि ओळखीतलं कुणी म्हणतंय की "आमच्याकडे जॉईन व्हा, लायसन्सचं सगळं आम्ही बघतो", तर हो म्हणावं का?

आधी थोडक्यात सांगतो. भारतातला अनुभव कोर्स किंवा परीक्षेतून सूट मिळवून देत नाही. ४० तासांचा कोर्स, १५० प्रश्नांची परीक्षा, राज्याच्या खात्याकडे अर्ज आणि त्यानंतर एखाद्या कंपनीची अपॉइंटमेंट (तिच्या वतीने विकण्यासाठी नेमणूक), असा हा रस्ता आहे. रोज संध्याकाळी दोन तास काढले तर दीड-दोन महिन्यांत लायसन्स हातात येतं. जॉईन होण्याबद्दलचं उत्तर मात्र "आत्ताच नको" असं आहे. त्याचं कारण पुढे येईलच.

भारतात २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर एजंटला नेमते ती कंपनी. ट्रेनिंग तीच देते, एजंटच्या आयसी-३८ परीक्षेला तीच बसवते आणि नेमणुकीचं पत्रही तिचंच असतं. त्यामुळे "कंपनी धरली की काम झालं" हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. अमेरिकेत उलट आहे. १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने विम्याचं नियमन राज्यांकडे ठेवलं आणि लायसन्स देतं ते राज्य. न्यूयॉर्कमध्ये हे काम डिपार्टमेंट ऑफ फायनान्शियल सर्व्हिसेस बघतं. विमा आणि बँकिंग ही दोन खाती एकत्र करून २०११ मध्ये ते तयार झालं, सगळे त्याला डीएफएस म्हणतात. लायसन्स तुमच्या नावावर निघतं. कंपनी सोडलीत तरी ते तुमच्याकडेच राहतं. म्हणून कोर्स, परीक्षा आणि अर्ज या तिन्ही गोष्टी स्वतःच्या ईमेलने, स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या पैशाने करा. खर्च काही डोंगराएवढा नाही.

कोर्सचे पैसे भरायच्या आधी एक गोष्ट तपासा, कारण इथे झालेली चूक पैशाने भरून निघत नाही. एजंटचं उत्पन्न हे कमिशन असतं आणि बहुतेक वेळा ते स्वतंत्र कंत्राटदार म्हणून १०९९ या कराच्या फॉर्मवर येतं. एच-४ ईएडीवर कुठलीही नोकरी किंवा स्वतःचा व्यवसाय करता येतो, त्यामुळे तुमचं ठीक आहे. फक्त कार्डाची मुदत संपली आणि पुढची परवानगी हातात नसेल, तर काम त्या दिवशी थांबवायचं. एल-२ वर (कंपनीने बदलीवर पाठवलेल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेल्या जोडीदारालाही काम करता येतं. पण एच-१बी वर असलेल्या माणसाने "वीकएंडला साइड बिझनेस" म्हणून पॉलिसी विकणं हे विनापरवाना काम ठरतं, कारण ती परवानगी एकाच मालकापुरती असते. विद्यार्थ्यांच्या ओपीटीवर (शिक्षणाशी जोडलेली तात्पुरती कामाची परवानगी) काम शिक्षणाच्या विषयाशी जोडलेलं असावं लागतं. राज्याने लायसन्स दिलं म्हणजे इमिग्रेशनची परवानगी मिळाली, असा अर्थ होत नाही. भरती करणारे हे सांगत नाहीत आणि ग्रीन कार्डच्या अर्जात १०९९ चं उत्पन्न दिसलं की निस्तरायला बसावं लागतं. तुमच्या यजमानांचं एच-१बी असणार, तेव्हा कमिशन त्यांच्या नावावर येणार नाही आणि पॉलिसी तेच विकताहेत असंही होणार नाही, याची काळजी घ्या.

आता कुठलं लायसन्स हवं ते. आयुर्विमा, आणि अपघात व आरोग्य, या दोन वेगवेगळ्या शाखा आहेत. दोन्ही एकत्र घेता येतात आणि तुम्ही एकत्रच घ्या. एकट्या आयुर्विम्याला २० तासांचा कोर्स, एकट्या आरोग्यालाही २०, एकत्र घेतल्यास ४०. घर आणि गाडीचा विमा विकायचा असेल तर तो प्रॉपर्टी-कॅज्युअल्टीचा वेगळा संसार आहे आणि त्याला ९० तास लागतात. न्यूयॉर्कमध्ये एजंट आणि ब्रोकर हे भेदही कायद्यातले आहेत. एजंट कंपनीच्या वतीने उभा असतो, ब्रोकर ग्राहकाच्या वतीने. घर-गाडीच्या धंद्यात पुष्कळ जण ब्रोकर होतात, आयुर्विम्यात सहसा एजंटचंच लायसन्स पुरतं. शेअर बाजाराशी जोडलेल्या व्हेरिएबल पॉलिसी विकायच्या असतील तर सिक्युरिटीजच्या वेगळ्या परीक्षा लागतात. त्या नंतर बघता येतील, सुरुवातीला तिकडे वळू नका.

इतर राज्यांबद्दल वाचलेलं इथे लागू करू नका. टेक्सासमध्ये परीक्षेआधी कोर्सची सक्तीच नाही, पण बोटांचे ठसे द्यावे लागतात. न्यू जर्सीत प्रत्येक शाखेला २० तास आणि ठसेही. न्यूयॉर्क एजंटकडून ठसे मागत नाही. इंटरनेटवरची निम्मी गोंधळवणारी माहिती खोटी नसते, ती दुसऱ्या राज्याची असते.

कोर्स डीएफएसने मान्यता दिलेल्या संस्थेचाच हवा. ऑनलाइन चालतो. शेवटी संस्थेची स्वतःची एक परीक्षा असते, ती पास झाल्यावर प्रमाणपत्र मिळतं. कोर्स निवडताना व्हिडिओ किती आहेत ते बघू नका, न्यूयॉर्कच्या कायद्याचं स्वतंत्र प्रकरण आणि सरावाचे भरपूर प्रश्न आहेत का ते बघा.

प्रमाणपत्रावरचं नाव हा आपल्या लोकांचा नेहमीचा अडसर आहे, म्हणून यावर जरा थांबतो. आपलं नाव तीन भागांचं: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. पासपोर्टवर मधलं नाव पहिल्या नावाला जोडलेलं, सोशल सिक्युरिटी कार्डावर मधल्या जागी, ड्रायव्हिंग लायसन्सवर फक्त आद्याक्षर आणि पुण्याच्या डिग्रीवर माहेरचं आडनाव, हे अगदी सर्रास दिसतं. परीक्षेच्या दिवशी केंद्रावरचा माणूस नोंदणीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव समोरासमोर धरतो. जुळलं नाही तर आत सोडत नाही आणि फी बुडते. जे ओळखपत्र तुम्ही केंद्रावर नेणार आहात त्यावरचं नाव अक्षरशः तसंच कोर्सच्या नोंदणीत, परीक्षेच्या नोंदणीत आणि डीएफएसच्या अर्जात घाला. सोशल सिक्युरिटीच्या नोंदीत नाव वेगळं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या, कारण अर्ज त्या नंबरावर तपासला जातो. पुढे कंपनी अपॉइंटमेंट नोंदवते तेव्हा नावातला हाच घोळ परत डोकं वर काढतो, म्हणून एकदाच निपटवलेला बरा.

परीक्षा पीएसआय नावाची संस्था घेते. तुमच्या परीक्षेचा क्रमांक १७-५५, म्हणजे आयुर्विमा आणि अपघात-आरोग्य एकत्र, एजंटसाठी. प्रश्न १५०, वेळ अडीच तास, पास व्हायला ७० टक्के. म्हणजे १०५ उत्तरं बरोबर यायला हवीत आणि एका प्रश्नाला मिनिटच मिळतं. फी दर वेळी ३३ डॉलर, नापास झालात तर पुन्हा भरायची. नोंदणी करण्याआधी पीएसआयची न्यूयॉर्कची माहितीपुस्तिका उतरवून घ्या. त्यात प्रत्येक विषयावर किती प्रश्न येतात त्याची यादी असते आणि फी बदलली असेल तर तीही तिथेच कळते. अभ्यासाचं वेळापत्रक कोर्सच्या क्रमाने लावण्याऐवजी त्या यादीवरून लावा.

एलआयसीचं काम केलेल्यांना आयुर्विम्याचा भाग सोपा जातो. मुदतीचा विमा, आजीवन विमा, पॉलिसीवरचं कर्ज, बंद पडलेली पॉलिसी पुन्हा सुरू करणं, हे सगळं ओळखीचं असतं. धोका तिथेच आहे, कारण ओळखीच्या गोष्टीत इथले आकडे वेगळे आहेत आणि माणूस सवयीने भारतातल्या उत्तरावर खूण करतो. हप्ता चुकल्यावरची सवलतीची मुदत न्यूयॉर्कमध्ये साधारण ३१ दिवस, पण हप्ता कमी-जास्त करता येणाऱ्या युनिव्हर्सल लाइफसारख्या पॉलिसीत ६१ दिवस. अर्जातल्या चुकीच्या माहितीवरून कंपनीला पॉलिसीला आव्हान द्यायला पहिली दोन वर्षंच मिळतात. जुनी पॉलिसी मोडून तिच्या जागी नवी दिली तर ग्राहकाला ती परत करायला ६० दिवस असतात.

वय चुकीचं सांगितलं असेल तर काय होतं, हा हमखास विचारला जाणारा प्रश्न आहे. "पॉलिसी रद्द" या उत्तरावर खूण करू नका. भरलेल्या हप्त्यात खऱ्या वयाला जेवढा विमा आला असता तेवढी रक्कम मिळते. समजा एक लाख डॉलरची पॉलिसी, वर्षाला ३०० डॉलर हप्ता भरला, पण खऱ्या वयाचा दर ४०० होता. ३०० भागिले ४००, म्हणजे बेनिफिशियरीला ७५,००० डॉलर मिळतात.

आरोग्यविम्यात मात्र भल्याभल्यांची दांडी उडते. आपल्याकडच्या मेडिक्लेमशी याचं फारसं नातं नाही. डिडक्टिबल (रुग्णाने आधी स्वतः भरायची रक्कम), कोइन्शुरन्स (त्यानंतरच्या बिलातला टक्केवारीचा वाटा), कोपे (दर भेटीला भरायची ठरावीक रक्कम) आणि रुग्णाच्या खर्चाची वर्षाची कमाल मर्यादा, या चार गोष्टी कुठल्या क्रमाने लागतात ते कागदावर मांडून शिका. बिल १०,००० डॉलरचं, डिडक्टिबल १,०००, कोइन्शुरन्स ८०-२०. रुग्ण आधी १,००० भरतो, उरलेल्या ९,००० चे २० टक्के म्हणजे १,८०० भरतो, एकूण २,८००. १०,००० चे २० टक्के काढून २,००० हा पर्यायही तिथेच ठेवलेला असतो आणि घाईत त्यावरच खूण केली जाते. मेडिकेअरचे (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) भाग ए, बी, सी, डी आणि त्याला जोडून घेतला जाणारा पूरक विमा, हे कोष्टक करून भिंतीवर लावा. न्यूयॉर्कचा स्वतःचा कायदा इथे बराच वेगळा पडतो: वैयक्तिक आरोग्यविम्याचा हप्ता वयावरून किंवा आजारावरून वाढवता येत नाही आणि मेडिकेअरचा पूरक विमा ग्राहक वर्षभरात कधीही घेऊ शकतो. राष्ट्रीय पातळीवरची पुस्तकं वाचून गेलेला माणूस हे प्रश्न हमखास चुकतो.

कायद्याच्या भागात व्याख्या नेमक्या लागतात. न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेली कंपनी 'डोमेस्टिक', न्यू जर्सीत स्थापन झालेली 'फॉरिन' आणि देशाबाहेरची 'एलियन'. ग्राहकाला चुकीची तुलना दाखवून चालू पॉलिसी मोडायला लावणं म्हणजे 'ट्विस्टिंग'. आणि प्रश्नात "याशिवाय" किंवा "यापैकी कोणते नाही" असं असेल तिथे क्षणभर थांबा. इंग्रजी उत्तम असलेलेही अशा प्रश्नांत चुकतात, कारण पहिला पर्याय खरा दिसला की बोट पुढे जातं. सरावपरीक्षेत सलग तीन वेळा ८५ टक्क्यांच्या वर येत नाही तोवर तारीख घेऊ नका. सरावाचेच प्रश्न पाठ झाल्यामुळे गुण फुगतात, तेवढी फट ठेवावीच लागते.

पास झाल्यावर डीएफएसच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा. परीक्षेचा निकाल दोन वर्षं चालतो, तरी लगेच करा. फी वर्षाला ४० डॉलर. लायसन्सची मुदत जन्मतारखेशी जोडलेली असल्यामुळे पहिली मुदत पूर्ण दोन वर्षांची असेलच असं नाही, म्हणून कुणाला ४० भरावे लागतात, कुणाला ८०. अर्जात गुन्हे, दुसऱ्या खात्याने केलेली कारवाई आणि मुलांच्या पोटगीची थकबाकी यांबद्दल प्रश्न असतात. जुनं, किरकोळ वाटणारं प्रकरण असलं तरी खरं लिहा आणि कोर्टाकडून निकालाचा कागद आणून जोडा. प्रकरणापेक्षा ते लपवल्याबद्दल अर्ज फेटाळला जाण्याची शक्यता जास्त असते. फसवणूक किंवा विश्वासघाताच्या गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला मात्र संघराज्याच्या कायद्याप्रमाणे आधी खात्याची लेखी संमती लागते.

लायसन्स आलं म्हणजे विकायला मोकळे, असं नाही. एजंटला कंपनीची अपॉइंटमेंट लागते आणि करार झाल्यापासून किंवा पहिला अर्ज आल्यापासून १५ दिवसांत कंपनीने ती डीएफएसकडे नोंदवायची असते. "जॉईन व्हा" या प्रश्नाची खरी वेळ ही आहे. लायसन्स हातात असलेला माणूस चार ठिकाणी करार मागून वाचू शकतो. कुणाच्या तरी खर्चाने परीक्षा दिलेला माणूस संकोचाने पहिल्या करारावर सही करतो, आणि ओळखीतलं कुणी असलं की आपल्याकडे संकोच जास्तच.

करारात काय बघायचं? पहिलं, सोडून गेल्यावर रिन्यूअलचं कमिशन मिळतं का आणि कधीपासून. दुसरं, आगाऊ कमिशन देत असतील तर पॉलिसी बंद पडल्यावर ते किती महिन्यांपर्यंत परत घेतात. नवख्या एजंटच्या पहिल्या पॉलिसी नातेवाइकांच्या असतात, त्या सात-आठ महिन्यांत बंद पडतात आणि कमिशन वळतं होऊन एजंटच कंपनीचा देणेकरी होतो. तिसरं, दुसरीकडे जायचं तर लेखी सोडचिठ्ठी किती दिवसांत देतात. चौथं, दरमहा सॉफ्टवेअर, ट्रेनिंग किंवा संमेलनाच्या नावाखाली काही भरावं लागतं का. आणि पाचवं, तुमची कमाई पॉलिसी विकण्यावर आहे की माणसं भरती करण्यावर? बोलणं सारखं भरतीकडे वळत असेल तर उठून यावं. न्यूयॉर्कच्या विमा कायद्यातलं कलम ४२२८ आयुर्विम्याच्या कमिशनवर मर्यादा घालतं, त्यामुळे दुसऱ्या राज्यातल्या एजंटच्या कमाईचे आकडे दाखवून कुणी भुलवत असेल तर ते इथे लागू होणार नाहीत.

शेवटी, पुण्यातल्या सवयींपैकी दोन इथे आल्या की लायसन्स धोक्यात येतं. एक म्हणजे "पहिला हप्ता मी भरतो". भारतातही कलम ४१ प्रमाणे ते चालत नाही, पण सर्रास होतं. इथे कमिशनमधला वाटा ग्राहकाला देणं बेकायदा आहे आणि पॉलिसीत न लिहिलेली भेटवस्तूही २५ डॉलरच्या आतच हवी. दिवाळीला कॅलेंडर आणि मिठाईचा छोटा डबा चालेल, चांदीचा करंडा चालणार नाही. दुसरी सवय म्हणजे मैत्रिणीने गिऱ्हाईक आणलं की तिला कमिशनमधून काही देणं. लायसन्स नसलेल्या माणसाला कमिशन देता येत नाही. ओळख करून दिल्याबद्दल थोडी रक्कम देता येते, पण दोन अटींवर: तिने पॉलिसीच्या तपशिलाबद्दल ग्राहकाशी काहीही बोलायचं नाही, आणि रक्कम पॉलिसी विकली गेली की नाही यावर अवलंबून असायची नाही. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मैत्रीण तुमच्या वतीने हप्त्याचे आकडे टाकायला लागली की ही रेघ ओलांडली गेली.

तुमचे बरेच ग्राहक नदीपलीकडे एडिसन किंवा जर्सी सिटीत निघतील. त्यांच्यासाठी न्यू जर्सीचं अनिवासी लायसन्स लागेल. न्यूयॉर्कचं लायसन्स चालू असेल तर त्याला पुन्हा परीक्षा नाही, एनआयपीआरच्या (राज्यांच्या लायसन्सचे अर्ज घेणारी सामायिक व्यवस्था) संकेतस्थळावर अर्ज आणि फी, एवढंच. पण ते हातात आल्यावरच तिथल्या माणसाशी पॉलिसीबद्दल बोलायचं. उद्या घरच न्यू जर्सीला हलवलंत तर ९० दिवसांत तिथल्या निवासी लायसन्ससाठी अर्ज करा, म्हणजे कोर्स आणि परीक्षा टळतात. पत्ता बदलल्याचं डीएफएसला ३० दिवसांत कळवावं लागतं. दर दोन वर्षांनी रिन्यूअलच्या आधी १५ तासांचं शिक्षण पूर्ण हवं, आणि त्यातले काही तास कायदा व नीतिमत्ता अशा ठरवून दिलेल्या विषयांचे असतात.